‘सज्जन-खड्ग’ युए बूछुन : एका खलपुरुषाच्या नावाचा इतिहास

व्हिएतनाममधील युद्ध ऐन भरात असताना सैगाव शहरातील चिनी, व्हिएतनामी आणि फ्रेंच अशा तीन भाषांतील एकवीस वृत्तपत्रे एकच चिनी कादंबरी क्रमशः छापीत होती. दक्षिण व्हिएतनामच्या विधिमंडळात वाद विकोपास गेला म्हणजे सदस्य एकमेकांना त्या कादंबरीतील पात्रांची नावे देत. प्रतिपक्षी ढोंगी आहे असे म्हणावयाचे झाल्यास त्याला ‘युए बूछुन’ म्हणत, आणि तो वर्चस्वाचा लोभी आहे असे म्हणावयाचे झाल्यास ‘झुओ लेंगछान’ म्हणत. ही हकीकत कादंबरीचे लेखक जिन योंग यांनीच १९८० सालच्या आपल्या उपसंहारात नमूद केली आहे. कल्पित पात्राचे विशेषनाम इतक्या अल्पावधीत राजकीय अपशब्द व्हावे ही घटना वाङ्मयाच्या इतिहासात विरळाच म्हणावी लागेल. त्यातही लक्षणीय गोष्ट अशी की, त्या कादंबरीत युए बूछुनहून अधिक क्रूर आणि अधिक बलाढ्य खलपुरुष आहेत. परंतु चिनी भाषेत सामान्यनाम होऊन राहिले ते प्रामुख्याने याचेच नाव.

प्रस्तुत कादंबरीचे नाव ‘श्याओ आओ ज्यांगहू’. ‘ज्यांगहू’ या शब्दाचा वाच्यार्थ ‘नद्या आणि सरोवरे’ असा आहे. नद्या-सरोवरांत एकमेकांस विसरून सुखाने विहरणाऱ्या माशांचा दृष्टान्त ज्वांगझीच्या प्राचीन ग्रंथात आला आहे. पुढे हाच शब्द राजसत्तेच्या कक्षेबाहेर वावरणाऱ्या खड्गधारी, भटक्या व पंथोपंथीच्या लोकांच्या जगास लावला जाऊ लागला. त्या जगाकडे पाहून अभिमानाने हसणारा, असा कादंबरीच्या शीर्षकाचा भाव आहे. अशा कथांचा वंश जुना आहे. इसवी सनापूर्वीच्या सुमा छ्येन या इतिहासकाराने भटक्या वीरांसाठी आपल्या ग्रंथात एक स्वतंत्र प्रकरण राखून ठेवले होते. त्याच्याही आधी हान फेई या दंडनीतिकाराने हे लोक शस्त्रबळाने कायदा मोडतात म्हणून त्यांची गणना राज्यास पोखरणाऱ्या किड्यांत केली होती. विसाव्या शतकात वृत्तपत्रांच्या व नियतकालिकांच्या आश्रयाने या वाङ्मयास नवे रूप आले. जानेवारी १९५४ मध्ये मकाव येथे दोन मल्लविद्यागुरूंची जाहीर झुंज झाली, आणि त्या खळबळीचा लाभ घेऊन हाँगकाँगच्या एका सायंदैनिकाने ल्यांग यूशेंग यांची कथा सुरू केली. पुढील वर्षी त्याच पत्रात जिन योंग यांनी लेखनास आरंभ केला.

जिन योंग हे टोपणनाव होय. मूळ नाव झा ल्यांगयोंग. त्यातील शेवटच्या चित्राक्षराचे दोन भाग करून हे टोपणनाव बनविलेले आहे. १९२४ साली जन्मलेल्या आणि २०१८ साली हाँगकाँग येथे निधन पावलेल्या या गृहस्थांनी १९५९ साली ‘मिंग पाओ’ हे दैनिक काढले. त्या दैनिकाचे अग्रलेखही ते लिहीत आणि रोजचा कादंबरीचा हप्ताही तेच लिहीत. ‘श्याओ आओ ज्यांगहू’ २० एप्रिल १९६७ रोजी सुरू झाली आणि ऑक्टोबर १९६९ मध्ये संपली. या तारखा ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. चीनमध्ये सांस्कृतिक क्रांतीस आरंभ होऊन वर्ष उलटत होते, आणि मे १९६७ पासून हाँगकाँगमध्येही दंगली पेटल्या. सकाळी ज्या लेखणीने पेकिंगच्या सत्तास्पर्धेवर टीका करावयाची, त्याच लेखणीने खड्गपंथांच्या वैराची कथा पुढे न्यावयाची, असा हा दुहेरी उद्योग होता.

कादंबरीतील पाच खड्गपंथ पाच पवित्र पर्वतांवर नांदतात. त्यांपैकी पश्चिमेकडील ह्वाशान पर्वताच्या पंथाचा प्रमुख म्हणजे युए बूछुन. ‘युए’ या आडनावाच्या चित्राक्षराचा अर्थच पवित्र पर्वत असा आहे. लोकांनी त्याला दिलेली पदवी ‘जुनझी-ज्येन’, म्हणजे ‘सज्जन-खड्ग’. यातील ‘जुनझी’ या शब्दापाशी थोडे थांबणे भाग आहे. त्याचा मूळ अर्थ ‘अधिपतीचा पुत्र’ एवढाच होता. तो कुळाचा वाचक होता. कन्फ्यूशियसने तो शीलाचा वाचक केला. जन्माने कोणीही असो, आचरणाने जो शुद्ध तो जुनझी. बुद्धवचनांत ‘ब्राह्मण’ या शब्दाचे जे झाले त्याच जातीचे हे अर्थांतर आहे. परंतु जन्माचा दाखला निदान तपासता येतो. शीलाचा दाखला लोकांच्या तोंडी असतो. शब्द कुळाकडून शीलाकडे सरकला त्याच क्षणी ‘वेई-जुनझी’, म्हणजे खोटा सज्जन, या शब्दाची जागाही तयार झाली.

‘बूछुन’ या नावाची खुबी याहून सूक्ष्म आहे. ‘बू’ म्हणजे न, ‘छुन’ म्हणजे कळप किंवा समूह. म्हणून ‘बूछुन’ म्हणजे कळपात न मोडणारा, असामान्य. नाव गौरवाचेच आहे. परंतु ‘लुन-यू’ या कन्फ्यूशियसच्या संवादसंग्रहाच्या पंधराव्या भागात जुनझीचे जे लक्षण सांगितले आहे त्यात ‘छुन’ हा शब्द बरोबर उलट बाजूने येतो : सज्जन लोकांत मिसळतो, परंतु गटबाजी करीत नाही. जुन्या ग्रंथांशी परिचय असलेल्या चिनी वाचकाला ‘सज्जन-खड्ग बूछुन’ हे शब्द एकत्र वाचताना आत कोठेतरी तडा गेलेला जाणवतो. जिन योंग यांनी हे हेतुतः योजिले किंवा कसे हे सिद्ध करण्याची आवश्यकता नाही. शब्द आपले काम करतातच.

या पुरुषाला केवळ दंभाची मूर्ती समजणे मात्र अन्यायाचे होईल. ह्वाशान पंथात पूर्वी अंतःप्राणशक्तीला प्रधान मानणारे आणि खड्गकौशल्याला प्रधान मानणारे असे दोन तट पडून भीषण कत्तल झाली होती. युए बूछुनच्या वाट्याला आला तो त्या कत्तलीतून उरलेला मूठभर शिष्यांचा पंथ. शेजारी सोंगशान पंथाचा प्रमुख झुओ लेंगछान पाचही पंथ आपल्या छत्राखाली आणण्यास टपलेला. (‘छान’ म्हणजे आपले ‘ध्यान’, संस्कृतातून चिनीत गेलेला हा शब्द या नावात ‘थंड’ या विशेषणासह आला आहे.) दुर्बळ राज्याच्या अधिपतीला प्रबळ शेजाऱ्यापुढे जे करावे लागते तेच युए बूछुन करतो. सैन्य नाही, द्रव्य नाही. आहे ते एक नाव. ते नाव हीच त्याची संरक्षक तटबंदी होती.

त्याची चतुराई कादंबरीच्या पहिल्याच प्रकरणापासून कार्यरत असते, परंतु वाचकाला ती पुष्कळ उशिरा उमगते. फूझौ शहरात लिन घराण्याची, जोखमीच्या मालाची पाठराखण करणारी पेढी आहे. या घराण्याजवळ एक अद्भुत खड्गपोथी असल्याची वदंता आहे. पेढीवर दुसऱ्या एका पंथाची धाड पडण्यापूर्वीच शहराबाहेरच्या एका मद्यगृहात वेषांतर केलेला म्हातारा आणि कुरूप मुलगी येऊन राहिलेली असतात. ती दोघे युए बूछुनचा शिष्य लाओ देनुओ आणि त्याची कन्या युए लिंगशान होत. पुढे घराण्याचा उच्छेद झाल्यावर निराधार झालेल्या लिन पिंगझी या मुलाला युए बूछुन मोठ्या कारुण्याने शिष्य करून घेतो. त्या वेळी त्याच्या थोरवीने वाचकही भारावतो. शेकडो पृष्ठांनंतर मद्यगृहाची आठवण होते, आणि पहारा आधीपासून बसलेला होता हे ध्यानात येते. लाओ देनुओ हा सोंगशान पंथाचा हेर आहे हेही युए बूछुनला ठाऊक असते; तो त्याला हाकलून देत नाही. पुढे तो त्याला खड्गपोथीची बनावट प्रत चोरू देतो, आणि झुओ लेंगछान त्या खोट्या पोथीवरून विद्या शिकतो.

खरी पोथी बौद्ध भिक्षूच्या एका वस्त्रावर लिहिलेली असते. चिनी भाषेत त्या वस्त्राला ‘ज्याशा’ म्हणतात, आणि तो शब्द संस्कृत ‘काषाय’ या शब्दाचेच रूपांतर आहे. लिन घराण्याचा मूळपुरुष पूर्वाश्रमी भिक्षू होता व त्याने पोथी आपल्या काषाय वस्त्रावर उतरवून घेतली होती. युए बूछुनचा ज्येष्ठ शिष्य लिंगहू छोंग हे वस्त्र चोरट्यांकडून जिवावर उदार होऊन परत मिळवितो आणि बेशुद्ध पडतो. गुरू ते वस्त्र गुपचूप उचलतो आणि चोरीचा आळ शिष्यावरच राहू देतो. या विद्येचे नाव ‘बीश्ये’, अर्थात् ‘अमंगलाचे निवारण करणारी’. तिची पहिली अट अशी की, साधकाने स्वहस्ते आपल्या पौरुषाचा छेद करावा. युए बूछुन ही अट पाळतो.

कन्फ्यूशियसच्या परंपरेत ‘जंग-मिंग’, म्हणजे नावे यथार्थ करणे, हे राज्यकारभाराचे पहिले कर्तव्य मानले आहे. पिता पित्यासारखा असावा, राजा राजासारखा असावा. आईबापांनी दिलेला देह अक्षत राखणे हेही त्याच परंपरेत पुत्रधर्माचे अंग. जो पुरुष आपले सर्व आयुष्य ‘जुनझी’ या एका नावावर उभे करतो तोच देह, पतिधर्म आणि गुरुधर्म या तिहींचा छेद करतो, आणि तो कशाच्या योगे, तर अमंगलनिवारक म्हणविणाऱ्या विद्येच्या योगे. येथे एकही नाव आपल्या जागी राहिलेले नाही. अट पाळल्यानंतर त्याचा आवाज बारीक होतो, दाढी गळू लागते, आणि तो गळलेले केस पुन्हा चिकटवितो. सज्जनाची ओळख असलेली भारदस्त दाढी आता डिंकाच्या आधाराने उभी आहे, यात जिन योंग यांचा विनोद क्रूर झाला आहे; परंतु तो अस्थानी नाही.

युए बूछुनचा दोष कोणता, याविषयी सामान्य वाचकाचे उत्तर ‘लोभ’ असे असते. ते पुरेसे नाही. लोभी तर झुओ लेंगछानही आहे, आणि तो आपला लोभ फारसा लपवीत नाही. युए बूछुनचा घात होतो तो नावाच्या मोहाने, आणि याचा पुरावा कादंबरीतील एका रात्रीच्या प्रसंगात आहे. पत्नी निंग झोंगझे हिला अंथरुणात गळलेले केस सापडतात. तिला सारे कळून चुकते. ती सरळ मनाची, स्वतः खड्गविद्येत निपुण अशी स्त्री आहे आणि त्याच्यावर तिचे खरे प्रेम आहे. तिच्यापुढे लाज राखण्यासाठी तो साधना सोडल्याची ग्वाही देतो आणि ते वस्त्र खिडकीतून दरीत भिरकावतो. पोथी त्याला मुखोद्गत झालेलीच असते, तेव्हा त्याग फुकटचाच असतो. परंतु खिडकीखाली कान देऊन बसलेला लिन पिंगझी ते वस्त्र हवेतच अडवून घेतो आणि त्याच विद्येने सिद्ध होऊन सासऱ्याचा वैरी बनतो. साऱ्या पंथांना फसविणारा माणूस ज्या एका व्यक्तीच्या नजरेत तरी आपले जुने नाव टिकावे म्हणून धडपडला, तेथेच त्याची सर्वांत महाग चूक झाली. लुच्चाला एवढी लाज परवडत नाही.

पाच पंथांच्या विलीनीकरणाच्या सभेत आरंभापासून विरोधात असलेला युए बूछुन ऐन वेळी पाठिंबा देतो, सुईच्या प्रयोगाने झुओ लेंगछानचे दोन्ही डोळे फोडतो आणि संयुक्त पंथाचा अधिपती होतो. ज्या संकटापासून आपला लहानसा पंथ वाचविण्यासाठी तो निघाला होता तेच संकट आता तो स्वतः झाला आहे. येथे सांस्कृतिक क्रांतीचे प्रतिबिंब शोधणारे वाचक पहिल्यापासून आहेत. कोण माओ, कोण ल्यू शाओची, अशा जोड्याही लावण्यात आल्या. जिन योंग यांनी उपसंहारात क्रांतीवर हेतुतः रूपक रचल्याचे नाकारले आहे. परंतु रोजच्या राजकीय किळसेची छाया रोजच्या हप्त्यावर पडली हे त्यांनी मान्य केले आहे, आणि आपली ही पात्रे मुख्यतः राजकारणी पुरुष म्हणून कल्पिली होती असेही सांगितले आहे. त्यांचे म्हणणे स्वीकारण्यास हरकत नसावी. जोड्या जुळविण्यापेक्षा त्या काळच्या भाषेकडे पाहणे अधिक फलदायी ठरते. जून १९६६ मध्ये ‘पीपल्स डेली’च्या अग्रलेखाने सर्व राक्षस व पिशाच्चे झाडून टाकण्याची हाक दिली होती, माणसाला एकदा नाव चिकटविले की पुराव्याचे काम उरत नसे. कादंबरीतील पंथही ‘जंग’ आणि ‘श्ये’, म्हणजे सन्मार्गी आणि कुमार्गी, या दोन शिक्क्यांवर जगतात. कुमार्गी पंथाच्या एका संगीतज्ञाशी मैत्री केली एवढ्यावरून ल्यू झंगफंग या सन्मार्गी पुरुषाच्या कुटुंबाची भर समारंभात कत्तल होते, आणि उपस्थित सज्जन ती पाहत राहतात. अशा जगात युए बूछुन हा अपवाद ठरत नाही. शिक्क्याचे मोल त्याने इतरांहून आधी ओळखले, इतकेच.

संशोधकाने एक सावधगिरी बाळगावयास हवी. आज सर्वत्र वाचली जाणारी संहिता ही १९६७ ते १९६९ मधील वृत्तपत्रीय संहिता नव्हे. १९७० ते १९८० या दशकात लेखकाने आपल्या सर्व कादंबऱ्या पुन्हा तपासून लिहिल्या, आणि पुढेही त्यांत फेरफार केले. पहिल्या छपाईत कुमार्गी पंथाचे नाव ‘उगवत्या सूर्याचा पंथ’ अशा अर्थाचे होते; ते नंतर ‘सूर्य-चंद्र पंथ’ असे झाले. म्हणून एखादा विशिष्ट संकेत विशिष्ट महिन्यातील घटनेशी जोडताना मूळ अंकच पाहावे लागतील.

शेवटी निंग झोंगझे आत्महत्या करते. कन्या लिंगशान पतीच्या, म्हणजे लिन पिंगझीच्या, हातून मरण पावते. युए बूछुनजवळ पद उरते. ह्वाशान पर्वतावर ‘दोषचिंतनाचा कडा’ या अर्थाच्या नावाची एक जागा आहे; शिष्यांनी चुका केल्या म्हणजे तेथे एकांतात बसून आत्मपरीक्षण करावे असा पंथाचा नियम होता, आणि युए बूछुननेच लिंगहू छोंगला पूर्वी तेथे वर्षभराच्या शिक्षेस धाडले होते. त्याच कड्यावर तो लिंगहू छोंगला जाळ्यात पकडतो आणि ठार मारण्यास तलवार उगारतो, तोच मागून यीलिन नावाची एक कोवळी भिक्षुणी त्याच्या पाठीत खड्ग खुपसते. तिला खड्गविद्येत कोणी गणती नव्हती. तिचा मारण्याचा विचारही नव्हता. लिंगहू छोंगला वाचवावे एवढेच तिला समजले होते. युए बूछुन पडतो तेव्हा त्याला ‘सज्जन-खड्ग’ म्हणणाऱ्यांपैकी तेथे कोणीही नसते.