डोंगरी ते डांगरी: जाड डेनिमची शिवण

ऐकायला वेळ नसलेल्यांसाठी या भागाचा हा लेखी अवतार. बोलताना राहून गेलेल्या दोन-तीन गोष्टीही यात घातल्यात.

आजीची चाळ पुनर्विकासाला गेली. खोली रिकामी करताना दोन वस्तूंवरून वाद झाला: तिचं पायाचं शिलाई मशीन आणि आजोबांची ट्रंक. मशीन भंगारात द्यायचं ठरत होतं. मी म्हणालो, थांबा, मी यावर जीन्स शिवून दाखवतो. बोलून तर बसलो!

कापड हवं होतं १४ औंसांचं. डेनिमचे औंस म्हणजे एक चौरस यार्ड कापडाचं वजन. १४ औंस म्हणजे चौरस मीटरला साधारण ४७५ ग्रॅम. मंगलदास मार्केटमध्ये विचारत फिरलो, जिथे जावं तिथे पातळ नाहीतर स्ट्रेच. शेवटी उल्हासनगरला, जिथे गल्लोगल्ली जीन्स शिवतात, एका कटपीसवाल्याकडे तीन मीटर मिळालं. रात्रभर बादलीत भिजवलं, कारण आधी न आटवलेलं डेनिम शंभरात दहापर्यंत आटू शकतं.

ट्रंकेत आजोबांची डांगरी होती. ते परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर. आता हा शब्द बघा. मुंबईच्या डोंगरी भागात जाडंभरडं सुती कापड विकलं जायचं, त्यावरून ‘डुंगरी’, असं कोशांमध्ये सापडतं. सतराव्या शतकात युरोपी व्यापाऱ्यांच्या कागदांत ते नाव येतं. शिडांना, तंबूंना, पुढे खलाशांच्या आणि कामगारांच्या कपड्यांना ते कापड वापरलं गेलं, आणि इंग्रजीत ‘डंगरीज’ झालं. मग तोच शब्द कामाचा पोशाख बनून आपल्याकडे परत आला: डांगरी. मंगलदासपासून डोंगरी चालत जाण्याइतकी जवळ आहे, आणि मी तिथे जाड कापड शोधत वणवण करत होतो.

असो. कापायला त्रास नाही झाला. १८ नंबरची सुई, जाड दोरा, लांब टाका. सरळ शिवणीवर मशीन मस्त चाललं. पण जीन्सची शिवण दुहेरी दुमडीची, म्हणजे तिथे चार थर. दोन शिवणी एकमेकींना भेटतात तिथे थर दुपटीच्या वर जातात. तिथे पहिली सुई मोडली. मग दुसरी. आमच्या कामातही बहुतेक बग दोन सिस्टिम जोडतात तिथेच निघतात, पण निदान सुई उडून चष्म्यावर येत नाही.

त्या रात्री मला जेकब डेव्हिस आठवला. अमेरिकेत नेवाडातल्या रेनो गावचा शिंपी, तंबू आणि घोड्यांच्या झुली शिवणारा. १८७० च्या शेवटी एका लाकूडतोड्याची बायको त्याच्याकडे आली: नवऱ्याला टिकणारी पँट हवी. कापड होतं १० औंसांचं पांढरं डक, सॅन फ्रान्सिस्कोच्या लेव्ही स्ट्रॉसकडून घेतलेलं. हो, ती पँट निळी नव्हती आणि डेनिमचीही नव्हती! झुलींना पट्टे बसवायचे तांब्याचे रिव्हेट टेबलावर पडले होते, ते त्याने खिशांच्या कोपऱ्यांवर ठोकले. मागणी इतकी वाढली की १८७२ मध्ये त्याने स्ट्रॉसला पत्र लिहून पेटंटमध्ये भागीदारी देऊ केली. २० मे १८७३ ला पेटंट मिळालं. डेनिमवर नाही, खिशाचं तोंड पक्कं करण्याच्या सुधारणेवर. ही कथा नेहमी कापडाची म्हणून सांगतात, ते मला पटत नाही. जाड कापड आधीपासून होतंच. अडचण जोडावर होती.

सकाळी आजीने माझी मोडकी शिवण बोटांनी चाचपली. डोळे अधू झालेत, पण हात नाही. म्हणाली, “अरे, आधी ठोकायचं. तुझे आजोबा ठोकून द्यायचे.” वरवंटा घेऊन त्या जाड गाठीवर दहा-बारा दणके घातले, कापड चपटं झालं. प्रेसर फूटच्या मागे कापडाची घडी सरकवली, म्हणजे फूट तिरका होत नाही. मग पाय पायट्यावरून काढून हाताने चाक फिरवलं, एकेक टाका. पार झालं.

खिशांसाठी मी रिव्हेटचं पाकीट आणलं होतं. आजीने डांगरी मागून घेतली, खिसा उलटा केला. कोपऱ्यामागे आत चौकोनी ठिगळ, त्यावर जवळजवळ टाक्यांची चौपदरी शिलाई. तिथे वर्षानुवर्षं पाने लटकले होते.

रिव्हेट अजून पाकिटातच आहेत. मशीन माझ्या भाड्याच्या फ्लॅटवर आलंय, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद असताना.