होम थिएटरचा बेस एका जागी घुमतो, दुसऱ्या जागी गायब? नवा सबवूफर घेण्याआधी हे करून पाहा

मोहगाव (ता. सौसर, जि. पांढुर्णा) : समोरच्या खोलीत मोठा टीव्ही, पाच स्पीकर आणि कोपऱ्यात सबवूफर. पिक्चर लावला की दिवाणावर बसणारा म्हणतो, "छाती हादरते." मधल्या खुर्चीवरचा म्हणतो, "इथं तं बेसच नाही." दोघंही खरंच सांगत असतात. अशा वेळी बहुतेक जण मशीनला दोष देतात आणि आणखी मोठा सबवूफर आणतात. पण बहुतेक वेळा दोष मशीनचा नसून खोलीचा असतो.

असं का होतं?

खालच्या आवाजाची लाट फार लांब असते. ४० हर्ट्झची लाट सुमारे २८ फुटांची, म्हणजे घरातल्या साध्या खोलीपेक्षा मोठी. ती समोरासमोरच्या भिंतींवर आपटून परत येते आणि स्वतःतच मिसळते. काही जागी दोन लाटा जुळून आवाज वाढतो, काही जागी त्या एकमेकींना मारतात.

कोणता सूर अडेल हे काढायला सोपा हिशोब आहे. ५६५ ला खोलीच्या फुटातल्या मापाने भागा. १५ फूट लांबीला साधारण ३८ हर्ट्झ, १२ फूट रुंदीला ४७ आणि १० फूट उंचीला ५६ हर्ट्झ येतात. याच सुरांवर खोली घुमते. खोली १२ बाय १२ चौरस असेल तर लांबी-रुंदीचा सूर एकच पडतो आणि त्रास वाढतो.

विटांच्या भिंती आणि वर स्लॅब असला की हा आवाज आतच फिरत राहतो. टिनाच्या किंवा कौलारू छताच्या घरात तो बराचसा बाहेर निघतो. तिथे घुमणे कमी, पण शेजाऱ्याला त्रास जास्त.

आधी बसायची जागा

पहिल्या सुराचा जोर भिंतीजवळ सगळ्यात जास्त आणि खोलीच्या बरोबर मध्यभागी जवळपास शून्य असतो. म्हणून सोफा मागच्या भिंतीला चिकटवू नका आणि अगदी मधोमधही ठेवू नका. मागच्या भिंतीपासून लांबीच्या एक तृतीयांश अंतरावर, म्हणजे १५ फुटी खोलीत ५ फुटांवर बसून पाहा. यात एक रुपयाही लागत नाही.

मग सबवूफरची जागा

कोपऱ्यात सबवूफर सगळ्यात मोठा वाजतो, पण खोलीचे सगळे अडणारे सूर तिथूनच जोरात उठतात. चांगली जागा शोधायची जुनी युक्ती अशी :

१. सबवूफर उचलून तुमच्या बसायच्या जागी ठेवा.
२. बेस सतत बदलत राहणारे एखादे गाणे लावा.
३. कान जमिनीजवळ नेऊन भिंतीच्या कडेकडेने रांगत फिरा.
४. जिथे प्रत्येक सूर सारखा, स्वच्छ ऐकू येईल तिथे सबवूफर ठेवा.

वाजणारी आणि ऐकणारी जागा अदलाबदल केली तरी खोलीचा परिणाम तोच राहतो, म्हणून ही युक्ती चालते.

बटणे कशी लावायची?

क्रॉसओव्हर ८० हर्ट्झपासून सुरू करा. स्पीकर लहान असतील तर १०० ते १२०. फेजचे बटण ० आणि १८० दोन्हीवर फिरवून पाहा, बसल्या जागी बेस ज्यावर भरीव वाटेल तेच ठेवा. इक्वलायझरने घुमणारा सूर कापता येतो, पण गायब झालेला सूर भरून काढता येत नाही. १० डेसिबल वाढवायला दहापट ताकद लागते आणि तीही त्याच जागी मरते. वरून सबवूफर जळायची भीती.

अंड्याचे ट्रे, फोम, गादी

अंड्याच्या ट्रेने बेस कमी होत नाही. दोन इंची फोमही ४० हर्ट्झला काहीच करत नाही. तो वरच्या आवाजाला उपयोगी. जाड सोफा, कापसाच्या गाद्या आणि पडदे यांनी संवाद स्पष्ट होतात, पण सगळ्यात खालचा सूर त्यांच्या हाती लागत नाही. कोपऱ्यात रॉकवूलचे जाड, उंच थर लावले तर थोडा फरक पडतो. कापूस किंवा फोम अॅम्प्लिफायर आणि वायरिंगपासून मात्र दूरच ठेवा.

पैसे घालायचेच असतील तर

एका मोठ्या सबवूफरपेक्षा दोन लहान बरे. हार्मन कंपनीचे संशोधक टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये मांडलेल्या अभ्यासात आयताकृती खोलीत समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यभागी ठेवलेल्या दोन सबवूफरनी बेस बराच सारखा केला. चारच्या पुढे मात्र खास फायदा दिसला नाही. दोन असले की मोठ्या सोफ्यावरच्या सगळ्यांनाच जवळपास सारखं ऐकू येतं.

बेस सपाट झाला की आवाज कमी ठेवूनही भरीव वाटतो. रात्रीच्या वेळी हेच कामाचे आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि ती मध्य प्रदेशात व महाराष्ट्रात एकच आहे.