मधल्या पदाची फोड

सिल्वासातले मूल गणित मराठीत शिको, गुजरातीत की हिंदीत, वर्ग त्रिपदीशी त्याची गाठ पडते ती अवयव पाडतानाच. शेवटच्या पदाचे असे दोन अवयव शोधायचे की त्यांची बेरीज मधले पद देईल. मग मधले पद फोडायचे, दोन-दोन पदांतून सामाईक अवयव काढायचा आणि कंस लिहायचे. महाराष्ट्राच्या दहावीच्या पुस्तकातही आधी अवयव पद्धत, मग पूर्ण वर्ग पद्धत आणि शेवटी सूत्र असाच क्रम आहे. इतिहासाचा क्रम मात्र वेगळा आहे. तिघींत अवयव पद्धत सर्वांत धाकटी आहे आणि हे मुलांना सांगितले पाहिजे असे मला मनापासून वाटते.

सिल्वासा मराठ्यांकडून पोर्तुगिजांकडे गेले ते १७८३ मध्ये, आणि २ ऑगस्ट १९५४ रोजी मुक्त झाले. या भूमीवर राज्य केलेल्या दोन्ही लोकांकडे बीजगणिताचा मोठा वारसा होता. पोर्तुगालच्या पेद्रो नुनेश यांचा बीजगणितावरचा ग्रंथ १५६७ मध्ये अँटवर्पला छापला गेला. आपल्याकडे भास्कराचार्यांचे ‘बीजगणित’ ११५० च्या सुमारास लिहून झाले होते. त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. त्यावर शके ११२८ चा उल्लेख असून तो विद्वानांपुढे आणला डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. नुनेश आणि भास्कराचार्य, दोघेही वर्गसमीकरण सोडवतात ते वर्ग पूर्ण करून.

भास्कराचार्यांचे वानरांचे उदाहरण घेऊ. कळपाच्या अष्टमांशाचा वर्ग रानात खेळतो आहे, उरलेले बारा टेकडीवर ओरडत आहेत, कळप केवढा? मांडणी केली की क्ष² − ६४क्ष = −७६८ असे येते. दोन्ही बाजूंत ३२ चा वर्ग, म्हणजे १०२४ मिळवला की (क्ष − ३२)² = २५६. वर्गमूळ १६, म्हणून वानर ४८ किंवा १६. भास्कराचार्य दोन्ही उत्तरे मान्य करतात. वानरांच्याच दुसऱ्या उदाहरणात ५० आणि ५ अशी उत्तरे येतात, पण ५ घेतले तर कळपाच्या पंचमांशातून तीन वजा करताना ऋण संख्या येते, म्हणून ते उत्तर ते सोडून देतात. उत्तर हाती आल्यावरही ते पारखून घेण्याची ही सवय मला फार मोलाची वाटते.

ब्रह्मगुप्तांनी ६२८ मध्येच शून्याचे आणि ऋण संख्यांचे नियम सांगितले होते. मग अवयव पद्धत इथेच का जन्मली नाही? कारण मांडणीत आहे. आपल्या परंपरेत अव्यक्त आणि त्याचा वर्ग एका बाजूला ठेवत, नुसती संख्या दुसऱ्या बाजूला. सगळी पदे एकीकडे आणि समोर एकटे शून्य, असे व्हायचे नाही. आणि समोर शून्य नसेल तर ‘गुणाकार शून्य, म्हणजे एक अवयव शून्य’ हा विचार चालवायला जागाच उरत नाही.

ती जागा केली सतराव्या शतकाने. इंग्लंडच्या टॉमस हॅरियटचे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, १६३१ मध्ये छापले गेले. त्यात तो द्विपदींचा गुणाकार करून समीकरणे घडवतो. १६३७ मध्ये फ्रेंच गणिती देकार्तने क्ष − २ आणि क्ष − ३ गुणून क्ष² − ५क्ष + ६ = ० मिळवले. दोघेही समीकरण जोडत होते. शाळेतली फोड म्हणजे तीच वाट उलटी चालणे. आपली बहुतेक उदाहरणे आधी कंस गुणूनच तयार केलेली असतात, म्हणून ती इतकी सहज सुटतात.

वानरांवर ही रीत चालवून पाहू:
क्ष² − ४८क्ष − १६क्ष + ७६८
= क्ष(क्ष − ४८) − १६(क्ष − ४८)
= (क्ष − ४८)(क्ष − १६).

पण ४८ आणि १६ सापडले कसे? वर्गात मुले ७६८ च्या जोड्या करून पाहतात: २४ आणि ३२, बेरीज ५६, चुकले; १६ आणि ४८, बेरीज ६४, जमले. बेरीज आणि गुणाकारावरून दोन संख्या शोधण्याचा प्रश्न मात्र फार जुना आहे. सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीच्या बाबिलोनच्या मातीच्या पाट्यांवर तो आहे, आणि तिथे चाचपडणे नाही. तिथली रीत आपल्या आकड्यांवर चालवली तर बेरजेचे अर्धे ३२, त्याचा वर्ग १०२४, त्यातून ७६८ वजा करा, २५६ उरतात, वर्गमूळ १६. मग ३२ मध्ये १६ मिळवा, ३२ मधून १६ काढा. भास्कराचार्यांच्या रीतीतले आकडे जसेच्या तसे.

ही युक्ती मधले पद फोडण्याआधी शिकवली, तर जोड्या शोधण्यात वेळ जाणार नाही. ७६८ च्या जागी ७६७ लिहिले तर १०२४ मधून ७६७ जाऊन २५७ उरतात. ही पूर्णवर्ग संख्या नाही, म्हणून पूर्णांकांत फोड होणार नाही हे एका ओळीत कळते. वर्ग पूर्ण करणाऱ्याला तिथेही अडत नाही: क्ष म्हणजे ३२ अधिक किंवा उणे २५७ चे वर्गमूळ.