हार्ड रॉक : चाळिशीनंतरचे श्रवण

माणसाला उतारवयात आपल्या आयुष्यातील कोणता काळ अधिक ठळकपणे आठवतो, याचा मानसशास्त्रज्ञांनी बराच अभ्यास केला आहे. साधारणपणे वयाच्या १० ते ३० वर्षांमधील आठवणी इतर काळाच्या तुलनेत अधिक संख्येने टिकून राहतात, असे त्यातून दिसून आले. या प्रकाराला ‘रेमिनिसन्स बम्प’ अशी संज्ञा आहे. पौगंडावस्थेत ऐकलेले संगीत आयुष्यभर सोबत करते, त्याचे एक कारण यात सापडते.

ऐंशी आणि नव्वदच्या दशकांत मुंबई-पुण्यात वाढलेल्या अनेक मराठी मुलांसाठी हे संगीत जसे लता-आशांचे होते, तसेच हार्ड रॉकचेही होते. वडिलांची नाट्यगीते संपली की त्याच टेपरेकॉर्डरवर मित्राकडून भरून आणलेली कॅसेट लागे आणि ‘आधी तो आवाज बारीक कर’ अशी हाक स्वयंपाकघरातून येई. आज ते सारे अल्बम फोनवर क्षणात उपलब्ध आहेत. आवाज बारीक करायला सांगणारेही कुणी उरलेले नसते. किंबहुना आता ते काम आपणच आपल्या मुलांच्या बाबतीत करत असतो. अशा वेळी हे अल्बम पुन्हा ऐकले, तर काय हाती लागते?

हार्ड रॉकचा पाया म्हणजे ‘रिफ’, अर्थात गिटारवर पुन:पुन्हा येणारी छोटी, ठसठशीत स्वराकृती. तिला ॲम्प्लिफायरमधून मुद्दाम फाटू दिलेल्या आवाजाची आणि जोरकस ड्रमची जोड मिळते. किशोरवयात आपण त्यात फक्त बंड ऐकतो. त्या गोंगाटामागे काय घडले होते, हे उमगायला मात्र वय वाढावे लागते. पुढील तीन अल्बम त्याची साक्ष देतात.

आगीतून निघालेला अल्बम

‘डीप पर्पल’ हा ब्रिटिश संघ डिसेंबर १९७१ मध्ये ‘मशीन हेड’ या अल्बमच्या ध्वनिमुद्रणासाठी स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथे पोहोचला. तेथील कॅसिनोत ध्वनिमुद्रण करायचे ठरले होते. मात्र ४ डिसेंबरला तेथे फ्रँक झप्पा यांच्या संघाचा कार्यक्रम सुरू असताना प्रेक्षकांतील कुणीतरी फ्लेअर गन झाडली आणि कॅसिनो जळून खाक झाला. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. माँत्रो जाझ महोत्सवाचे संस्थापक क्लोद नोब्स यांनी प्रेक्षकांना बाहेर काढण्यास मदत केली. सरोवरावर पसरलेला धूर संघाने पाहिला आणि त्यातूनच ‘स्मोक ऑन द वॉटर’ हे गाणे जन्मले.

पर्यायी जागेत रात्री ध्वनिमुद्रण सुरू करताच शेजाऱ्यांनी आवाजाची तक्रार केली आणि पोलीस आले. अखेर हिवाळ्यामुळे बंद असलेल्या ग्रँड हॉटेलच्या थंडगार बोळांत, गाद्या उभ्या करून हा अल्बम ध्वनिमुद्रित झाला. १९७२ मध्ये तो प्रकाशित झाला. गिटार शिकणारा प्रत्येक मुलगा ज्या रिफपासून सुरुवात करतो, ती रिफ अशा अडचणीतून आली आहे. पुन्हा ऐकताना गिटारवादक रिची ब्लॅकमोर यांच्या बरोबरीने लक्ष वेधून घेतात ते जॉन लॉर्ड. त्यांनी हॅमंड ऑर्गन गिटारच्या ॲम्प्लिफायरमधून वाजवला, त्यामुळे कित्येक जागी गिटार कुठे संपते आणि ऑर्गन कुठे सुरू होतो, हे कळत नाही. ‘हायवे स्टार’मधील दोघांच्या एकल वादनात बाखच्या वळणाची स्वररचना आहे. ज्याला घरचे ‘नुसता गोंगाट’ म्हणत, त्यात अभिजात संगीताचे हे संस्कार होते.

काळ्या वेष्टनातील शोक

‘एसी/डीसी’ या ऑस्ट्रेलियन संघाचे गायक बॉन स्कॉट यांचे १९ फेब्रुवारी १९८० रोजी लंडनमध्ये निधन झाले. ते अवघे ३३ वर्षांचे होते. संघाने ब्रायन जॉन्सन यांना बोलावले, बहामामधील नासाऊ येथे ध्वनिमुद्रण केले आणि त्याच वर्षी २५ जुलैला ‘बॅक इन ब्लॅक’ प्रकाशित झाला. निर्माते होते रॉबर्ट जॉन ‘मट’ लँग. केवळ अमेरिकेतच या अल्बमच्या अडीच कोटींहून अधिक प्रती खपल्या आहेत.

अल्बमचे काळे वेष्टन मित्राच्या सुतकाचे होते. पहिल्या गाण्याच्या आरंभी वाजणारी संथ घंटा इंग्लंडमधील लाफबरो येथील ओतशाळेत घडवलेली आहे. ते मृत्यूचे टोल आहेत, हे सोळाव्या वर्षी ध्यानात येत नाही. आपला एखादा मित्र गमावल्यावर येते. शीर्षकगीताच्या रिफमधील मोकळ्या जागाही आता ऐकू येतात. माल्कम यंग यांची गिटार वाटत होती तितकी फाटलेली नाही. ती स्वच्छ, आखीव आहे, आणि दोन आघातांमधील शांततेमुळेच त्या आघातांना वजन येते. आपल्याकडे दोन मात्रांमधील अवकाशाला जे महत्त्व आहे, त्याची येथे आठवण व्हावी. हे माल्कम २०१७ मध्ये स्मृतिभ्रंशाच्या आजारानंतर निवर्तले.

जे आता खटकते

श्रवणशक्ती कायमची जाण्याच्या धोक्यामुळे जॉन्सन यांना २०१६ मध्ये दौरा अर्ध्यावर सोडावा लागला. त्यांच्या जागी गायले ते ‘गन्स एन रोझेस’चे ॲक्सल रोझ. त्यांच्या संघाचा ‘अ‍ॅपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन’ हा पहिला अल्बम जुलै १९८७ मध्ये आला आणि तब्बल एका वर्षाने, ऑगस्ट १९८८ मध्ये, अमेरिकेच्या यादीत अव्वल ठरला.

या अल्बमकडे परतताना मन इतके मोकळे राहत नाही. त्याच्या मूळ वेष्टनावर स्त्रीवरील अत्याचार सूचित करणारे चित्र होते. काही दुकानांनी अल्बम ठेवण्यास नकार दिल्यावर त्याजागी क्रुसावर पाच कवट्यांचे चित्र आले. काही गाण्यांतील स्त्रियांविषयीची तुच्छता त्या वयात रुबाबदार वाटली होती. मुलीसमोर तेच शब्द ऐकताना संकोच होतो. ‘मिस्टर ब्राउनस्टोन’ हे ठेका धरायला लावणारे गाणे प्रत्यक्षात हेरॉइनच्या व्यसनाविषयी आहे. ज्यांच्या ड्रमवादनामुळे तो अल्बम डोलतो, त्या स्टीव्हन ॲडलर यांना १९९० मध्ये व्यसनापायीच संघ सोडावा लागला. म्हणून हा अल्बम टाकून द्यावा काय? तसे वाटत नाही. मात्र त्या वयात आपण नेमके कशाला टाळ्या वाजवत होतो, हे स्वत:ला विचारणे भाग आहे.

ध्वनी तोच आहे काय?

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. आज ऐकू येणारा अल्बम पुष्कळदा मूळ अल्बम नसतो. नव्वदच्या दशकापासून सीडीवरील संगीत अधिकाधिक मोठ्या आवाजात भरण्याची चढाओढ लागली. तिला ‘लाउडनेस वॉर’ म्हणतात. जुन्या अल्बमच्या कित्येक नव्या आवृत्त्यांत त्यामुळे हळू आणि मोठ्या आवाजातील अंतर दाबले गेले. कॅसेटची खरखर गेली, पण उठावही कमी झाला. शिवाय वाढत्या वयात उच्च कंप्रतेचे ध्वनी आपल्यालाच कमी ऐकू येतात, त्यामुळे झांजांची चमक ओसरल्यासारखी वाटते.

अर्थात, प्रत्येक नवी आवृत्ती वाईट नसते. ‘मशीन हेड’चे नवे ध्वनिमिश्रण २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. ते केले ड्वीझिल झप्पा यांनी. ज्यांच्या कार्यक्रमात कॅसिनो पेटला, त्या फ्रँक झप्पांचे हे चिरंजीव!

तेव्हा एखाद्या रविवारी जुना अल्बम काढावा. शक्य झाल्यास मूळ आवृत्ती निवडावी, गाण्यांचा क्रम बदलू नये आणि चाळीस मिनिटे अन्य काही करू नये. गतकाळाची हुरहूर लागेल, ती लागू द्यावी. पण तेवढ्यावर थांबू नये. ज्या वयात आपण हे संगीत नुसते अंगावर घेत होतो, त्या वयात न ऐकलेले बरेच काही त्यात शिल्लक आहे.