वेचणारीची गादी

लग्नसराई जवळ आली की आपल्या गटांत कर्जाचे अर्ज वाढतात. बोलता बोलता आंदणाची यादी निघते, आणि हल्ली पलंगाच्या पुढची ओळ ठरलेली असते: डबल गादी, फोमची. कर्ज काढून घ्यायची वस्तू आहे, तेव्हा आज तिचाच इतिहास सांगते. आपल्या परभणीत गादीचा इतिहास म्हणजे कापसाचा इतिहास, आणि तो वेचणाऱ्या बाईचाही.

निजामाच्या राज्यात आपल्या भागात गावरान कापूस पिकायचा. बोंड लहान, दोन-तीन ग्रॅमचं, पण झाड काटक. तुडतुडे, फुलकिडे यांना ते सहसा हार जात नाही. 1900 च्या सुमारास सिकंदराबाद-मनमाड रेल्वे परभणीवरून धावू लागली आणि गाठी मुंबईच्या वाटेला लागल्या. सेलू, मानवत, परभणी हे बाजार कापसानेच मोठे केले. तरी घरापुरता थोडा कापूस मागे राहायचा. सरकी काढून रुई ठेवायची आणि पिंजाऱ्याची वाट बघायची.

पिंजारी खांद्यावर भलंमोठं धनुष्य घेऊन यायचा. त्याची तांत जनावराच्या आतड्याची. लाकडी मुठ्याने तिच्यावर ठोका दिला की टणत्कार गल्लीभर ऐकू जायचा आणि दबलेली रुई अंगणात फुगून वर यायची. पिंजारी, नदाफ, मन्सुरी म्हणतात ती ही घराणी बहुतेक मुसलमान. नव्या जोडप्याची गादी, मग लग्न कुणाच्याही घरचं असो, त्यांच्याच हातची. त्यांनी ती रुईची धूळ आयुष्यभर छातीत घेतली, हेही सांगायला हवं.

आता त्या गादीवर झोपायचं कोण? पाहुणा, घरचा म्हातारा, बैठकीतले पुरुष. बाई लेकरं घेऊन वाकळीवर. माहेराहून आलेली गादी पेटीवर गुंडाळून ठेवलेली असायची आणि जावई आला की उघडायची. राजाच्या आसनालाही आपण गादीच म्हणतो, ते उगाच नाही.

हिशेब करून बघा. शंभर किलो कापसातून साधारण 34-35 किलो रुई निघते, बाकी सरकी. एका माणसाच्या गादीला दहा किलो रुई धरली तर तीस किलो कापूस लागतो. चांगल्या हाताची बाई तेवढा एका दिवसात वेचते. तिची एका दिवसाची वेचणी म्हणजे एक गादी! जन्मभर वेचणी करून स्वतःच्या नावाची एकही गादी नसलेल्या किती बाया तुमच्याच गल्लीत असतील, मोजा.

पुढे गोष्टी झपाट्याने बदलल्या. 1970 साली सुरतहून एच-4 हा संकरित कापूस आला. 1972 मध्ये सरकारची एकाधिकार खरेदी सुरू झाली, कापूस थेट केंद्रावर जाऊ लागला. 2002 मध्ये बीटी आलं आणि गावरान बांधावरूनही गेला. फवारण्या आल्या. 2017 साली यवतमाळकडे फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. शहरात आज 'सेंद्रिय गादी' म्हणून महागड्या भावाने जे विकतात, तसलंच आपल्या आज्यांच्या पेटीवर गुंडाळलेलं होतं.

देशी कापूस अजून संपलेला नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या महेबूब बाग केंद्राने देशी वाण जपले, नवे काढले. मात्र गिरणीला चालावं म्हणून त्यांचा धागा लांब करण्यावर त्यांचा भर राहिला. गादीला उलट हवं असतं. आखूड, जाड, खरखरीत धागा लवकर दबत नाही, पिंजला की पुन्हा उसळतो. माझ्या मते दोन-चार गटांनी मिळून दोन ओळी गावरान लावायला काही हरकत नाही.

फोमला मी नावं ठेवत नाही. हलका आहे, उचलायला सोपा आहे. पण तो खनिज तेलापासून होतो, आपल्या एप्रिल-मेच्या रात्री त्यावर अंगाखाली ऊब साठते, आणि एकदा बसला की टाकूनच द्यावा लागतो. रुईची गादी उसवा, पिंजा, नवी होते.

जोडप्यासाठी घेताना एक डबल गादी करू नका. दोघांचं वजन वेगळं असतं, मध्ये खळगा पडतो आणि हलकं माणूस रात्रभर त्यात घसरतं. शिवाय ओली वीस किलोची गादी एकट्या बाईला उन्हात नेता येत नाही. दोन सुट्या गाद्या शेजारी लावा, वरून एकच चादर घाला. रुई घेताना चिमूटभर बाहेर काढून जाळून बघा. कागदासारखी जळून राख झाली तर कापूस. वितळून कडक मणी झाला तर त्यात नायलॉन-पॉलिस्टर मिसळलंय. स्वस्त गाद्यांत जुन्या चिंध्या पिंजून भरतात, त्यात रंगीत धागे दिसतात, तेही बघा.

पंधरा दिवसांनी गादीची डोक्याकडची बाजू पायाकडे करा, पालथी घाला. उन्हाळ्यात दोन्ही बाजूंनी चांगलं ऊन दाखवा, काठीने झोडा. शिवणीत आणि टाक्यांच्या खड्ड्यांत ढेकूण लपतात, तिथे बोट फिरवून बघा. पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीला टेकवू नका. तीन-चार वर्षांनी पिंजून घ्या, मृग लागायच्या आत. आणि गादीपाटाची खोळ शिवताना एक तोंड नाडीचं ठेवायला सांगा, नाहीतर गादी वरून धुतली जाते आणि आतली रुई कुजते.