एका महाविमानाची निवृत्ति

यंत्र मोडलें म्हणजे त्याचें आयुष्य संपलें, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु कांहीं यंत्रांस म्हातारपण येतें तें प्रथम हिशेबाच्या वहींत. ता. २२ एप्रिल २०२४ रोजीं एअर इंडियाच्या ताफ्यांतील ‘आग्रा’ नांवाचें बोइंग ७४७ विमान मुंबईहून अमेरिकेस कायमचें गेलें, तें अशाच कारणानें. धांवपट्टी सोडल्यावर वैमानिकानें पंख आळीपाळीनें झुकवून शहराचा निरोप घेतला. या विमानाच्या कुळाचा इतिहास आज श्रोत्यांपुढें थोडक्यांत मांडावयाचा आहे.

१९६५ च्या सुमारास पॅन अमेरिकन कंपनीचे प्रमुख हुआन ट्रिप यांनीं बोइंग ७०७ च्या दुपटीहून अधिक उतारू नेणारें विमान मागितलें. जो सटर या अभियंत्याच्या देखरेखीखालीं त्याचा आराखडा झाला. गंमत अशी कीं, पुढें उतारू नेण्याचें काम ध्वनीहून वेगवान विमानें करतील आणि ७४७ ला मालवाहतुकीवर दिवस काढावे लागतील, असा त्या वेळचा अंदाज होता. म्हणून नाक उघडून समोरून माल भरतां यावा, या हेतूनें वैमानिकांची खोली वरच्या मजल्यावर नेण्यांत आली. विमानाच्या डोक्यावरचा तो प्रसिद्ध उंचवटा या सावधगिरींतून जन्मला. ९ फेब्रुवारी १९६९ रोजीं पहिलें उड्डाण झालें. २२ जानेवारी १९७० रोजीं न्यूयॉर्क–लंडन वाहतूक सुरू झाली.

१८ एप्रिल १९७१ रोजीं ‘सम्राट अशोक’ हें एअर इंडियाचें पहिलें ७४७ मुंबईस उतरलें. जे. आर. डी. टाटा तेव्हां अध्यक्ष होते. खिडक्यांभोंवतीं महिरपी रंगविलेल्या, वरच्या मजल्यावर बैठकीची सोय. थाट राजवाड्याचा खरा, पण उपयोग झाला तो साध्या गृहस्थाला. एका खेपेस साडेतीनशेंच्या आसपास माणसें जाऊं लागल्यानें दर आसनामागील खर्च उतरला. शिकावयास निघालेला मुलगा, परदेशीं नोकरी करणारी परिचारिका, लेकीच्या बाळंतपणासाठीं प्रथमच समुद्रापार जाणारी आई, अशांसाठीं आकाशाचा मार्ग खुला झाला.

या इतिहासास दुःखाचीहि किनार आहे. १ जानेवारी १९७८ रोजीं तेंच ‘सम्राट अशोक’ वांद्र्याजवळ समुद्रांत कोसळून २१३ जण गेले. २३ जून १९८५ रोजीं ‘सम्राट कनिष्क’ बाँबनें उद्ध्वस्त होऊन ३२९ जीव गेले. त्यांत कॅनडांत घरें वसविलेलीं कुटुंबेंच्या कुटुंबें होतीं.

मग हें विमान मागें कां पडलें? पूर्वीं दोन इंजिनांच्या विमानास विमानतळापासून साठ मिनिटांच्या टापूंतच राहावें लागे. महासागर ओलांडण्यास अधिक इंजिनें हवींत, असा दंडक होता. इंजिनांचा भरवसा वाढला, तशी ही मर्यादा १९८५ मध्यें १२० व १९८८ मध्यें १८० मिनिटांवर गेली. मग दोन इंजिनांवर होणाऱ्या प्रवासासाठीं चार इंजिनांस इंधन कोण घालणार? पुढें एअर इंडियांत दोन इंजिनांचीं ७७७ विमानें आलीं. मार्च २०२१ मध्यें ‘आग्रा’नें दिल्लीहून मुंबईस उतारूंसह शेवटची फेरी केली. जानेवारी २०२३ मध्यें बोइंगनें १,५७४ वें आणि अखेरचें ७४७ ग्राहकाच्या स्वाधीन केलें.

ज्या वेगवान विमानांची धास्ती घेऊन ७४७ घडलें, त्यांतील काँकॉर्ड २००३ मध्येंच निवृत्त झालें. त्याला हरविलें तें शेजारच्या लहान भावंडानें, अधिक काटकसरीच्या इंजिनानें. तरीहि सटर यांच्या मंडळींची दूरदृष्टि फुकट गेली नाहीं: उतारूंच्या सेवेंतून हीं विमानें बहुतेक ठिकाणीं निघालीं असतां मालवाहू ७४७ अद्याप नाक उघडून अवजड यंत्रें पोटांत घेत आहेत. मुंबईच्या आकाशांतून ‘आग्रा’ गेलें, पण त्याच्या जातीनें जीं घरें परदेशाशीं जोडलीं, त्यांचा दुवा तुटलेला नाहीं. कोणत्याहि वाहनाचा हिशेब करतांना इंधनाच्या जोडीला हाहि आंकडा मांडावयास हवा.