मौनाचे मेज



स्मरणिकेसाठी काही ऐतिहासिक लिहून द्या, असे आपल्या चिटणीसबाईंनी मला सांगितले. जिजाबाई किंवा अहिल्याबाई यांच्यावर लिहिणाऱ्या, माझ्याहून पुष्कळ शिकलेल्या भगिनी मंडळात आहेत. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे; पण वाचनालयाची वर्गणी मी कधी थकविली नाही. तेथल्या वाचनातून आणि घरच्या मुलांनी दाखविलेल्या चित्रांतून मला एका परदेशी महिला मंडळाची माहिती झाली, तीच येथे सांगते.

युरोपात रुमानिया नावाचा देश आहे. त्याच्या नैर्ऋत्येस गोर्ज जिल्ह्यात, झिऊ नदीच्या काठी, तिर्गू झिऊ हे गाव आहे. पहिल्या महायुद्धात, १९१६ सालच्या ऑक्टोबरात, जर्मन फौज या गावाच्या पुलापर्यंत आली. गावातली कर्ती माणसे आघाडीवर गेलेली. तेव्हा म्हातारे, बायका, पोरे आणि थोडे पोलीस यांनी मिळून पूल लढविला. त्यांतच एकातेरिना तेओदोरोयू ही तरुण मुलगी होती. तिचा भाऊ त्याच वर्षी युद्धात पडला. पुढे ती स्वतः सैन्यात शिरली, अधिकारी झाली आणि १९१७ मध्ये रणांगणावर मरण पावली.

युद्ध संपले; पण ज्या घरांतली माणसे परत आली नाहीत, तेथे ते कोठले संपायला? अशा त्या जिल्ह्यात गोर्जच्या स्त्रियांचा संघ काम करीत होता. आरेथिया तातारेस्कू या त्याच्या अध्यक्षा. त्यांचे यजमान देशाचे पंतप्रधान झाले होते, हे खरे. तरी संघाचे काम आपल्यासारखेच होते : मागे पडलेल्या गालिचे विणण्याच्या कलेला ऊर्जितावस्था आणणे, गावासाठी काही उभे करणे. गावासाठी पडलेल्या वीरांचे स्मारक व्हावे, हेही त्यांनी मनावर घेतले. एकातेरिनाची समाधी घडविणाऱ्या मिलित्सा पेत्राश्कू या शिल्पकार बाईंनी आपल्या गुरूंचे नाव सुचविले. ते नाव कॉन्स्टँटिन ब्रांकुशी.

ब्रांकुशी त्याच जिल्ह्यातल्या होबित्सा खेड्यात १८७६ साली जन्मले. लहानपणी मेंढरे राखली, लाकूडकाम शिकले आणि पुढे पॅरिसला जाऊन जगप्रसिद्ध झाले. संघाचे बोलावणे त्यांनी स्वीकारले आणि आपल्या कामाचा मेहनताना घेतला नाही. माहेरच्या मातीचे ऋण म्हणतात ते हेच.

आता गंमत पाहा. वीरांचे स्मारक म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर घोडा, तलवार आणि ताठ मान येते. ब्रांकुशींनी यांतले काही केले नाही. नदीकाठच्या बागेत त्यांनी एक वाटोळे दगडी मेज मांडले आणि भोवती बारा दगडी बैठका ठेवल्या. दोन अर्धगोल पाठीला पाठ लावून ठेवावेत, तशी एकेक बैठक. याचे नाव मौनाचे मेज. बैठका मेजापासून इतक्या दूर, की बसणाऱ्याचा हात मेजाला पोचत नाही. लढाईला निघण्यापूर्वीचे घरच्यांचे शेवटचे जेवण, असा अर्थ पुष्कळजण लावतात. चित्र पाहताना मला मात्र पान मांडून वाट पाहणारी घरधनीण दिसली.

तेथून झाडांमधली वाट निघते. तिच्या दोन्ही कडांना तीस दगडी बैठका आहेत. वाटेच्या शेवटी चुंबनद्वार. नावावरून कोणी लाजू नये. त्याच्या खांबांवर एकच वर्तुळ मधोमध दुभंगून दोन अर्धे एकमेकांस भिडलेले कोरले आहेत, इतकेच. पुढे वीरांचा रस्ता चर्चजवळून जातो आणि बागेपासून सुमारे सव्वा किलोमीटरवर अनंत स्तंभ उभा आहे. बिडाच्या ओतीव मण्यांवर पितळेचा थर दिलेला हा स्तंभ २९ मीटरांहून उंच आहे. खाली आणि वर अर्धाच मणी ठेवला आहे, म्हणून तो जमिनीतून येऊन आभाळात पुढे चालल्यासारखा दिसतो. २७ ऑक्टोबर १९३८ रोजी हे सारे लोकार्पण झाले.

या कामाच्या ऐन काळात, १९३८ च्या आरंभी, ब्रांकुशी हिंदुस्थानात येऊन गेले होते. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर यांनी त्यांच्याकडून पक्ष्याची तीन शिल्पे घेतली होती आणि त्यांच्यासाठी ध्यानमंदिर बांधण्याचा बेत होता. महाराजांच्या पत्नी, कागलच्या घाटगे घराण्यातल्या संयोगितादेवी, १९३७ मध्ये तरुणपणीच वारल्या होत्या. ते मंदिर झालेच नाही. आपल्या माणसांच्या दारापर्यंत आलेली ही गोष्ट तशीच परत गेली.

गावाच्या कामालाही पुढे दृष्ट लागली. कम्युनिस्ट राजवटीत, १९५० नंतरच्या दशकात, स्तंभ पाडण्याचा प्रयत्न झाला. पण तो पडला नाही. २०२४ च्या जुलैत युनेस्कोने या सर्व शिल्पांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, आणि ती बैठक भरली होती आपल्या दिल्लीत!

ही हकीकत मी येथे का सांगितली? दुःख हा काही रोग नव्हे. पण त्याला बसायला जागा मिळाली नाही, तर ते माणसाला आतून पोखरते. आपल्या आळीत २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत करोनाने किती कुंकवे पुसली, किती आया नेल्या, हे आपण जाणतो. माझ्या थोरल्या जाऊबाई त्यांतच गेल्या. त्यांचे अंत्यदर्शन आम्हांला झाले नाही. तेराव्याला दारे लावलेली, रडायला शेजारीण नाही. आजही त्यांची धाकटी लेक माणसांत बसत नाही. डॉक्टरांचे औषध चालू आहे आणि ते हवेच. पण परवा ती म्हणाली, "काकू, घरात रडले की सगळे गप्प करतात."

आपल्याजवळ ब्रांकुशी नाहीत, संगमरवर तर नाहीच नाही. नगरपालिकेच्या बागेत कडुनिंबाखाली मोकळा कोपरा मात्र आहे. तेथे बारा साध्या दगडी बैठका वाटोळ्या मांडाव्यात. नावाची पाटी नको, पुतळा नको. ज्या बाईला बोलायचे असेल तिने बोलावे, जिला रडायचे असेल तिने रडावे, आणि कोणी तिला गप्प करू नये.

हा विषय येत्या सर्वसाधारण सभेत ठेवावा, अशी माझी नम्र विनंती आहे. यंदा वर्धापनदिनाच्या जेवणातले एक पक्वान्न कमी केले, तर निदान पहिल्या दोन बैठकांची सोय होईल असे वाटते.